रुखवतातली दीर्घिका

ती तक्रार लिहून घेताना आमचा ठाणे अंमलदार पहिल्याच ओळीला अडला होता, ते आठवले की आजही हसू येते. 'चोरीस गेलेल्या मालाचे वर्णन' एवढे लिहून त्याने पेन थांबवले आणि समोरच्या बाईंना विचारले, "दीर्घिका म्हणजे बाई, गळ्यातली की हातातली?"

बाई सोलापुरातल्याच एका शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानशिक्षिका. त्यांनी न चिडता त्याला समजावले, की दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा अफाट समूह. अशा दोन दीर्घिका कधी कधी एकमेकींवर आदळतात आणि अवकाशातल्या दुर्बिणीने त्यांचे फोटो काढले आहेत. त्या फोटोंच्या उत्तम कागदावरच्या मोठ्या प्रती बाईंनी हौसेने मागवल्या होत्या. शाळेतल्या मुलांसाठी त्या भरवणार असलेले प्रदर्शन तोंडावर आले होते. बाकीची चित्रे फ्रेम होऊन मिळाली, पण दोन दीर्घिका मिसळून एक होतानाचे शेवटचे चित्र फ्रेमच्या दुकानातूनच गायब झाले.

"साहेब, नुसती धडक दाखवून मुलांना घरी कशी पाठवू?" बाई म्हणाल्या.

दुकान भर बाजारात. मालकाने कॅमेरा लावलेला होता, पण त्याचे तोंड गल्ल्याकडे. चोर फक्त गल्ल्यावरच येतो, अशी आपल्या व्यापाऱ्यांची पक्की समजूत असते. शेजारच्या पानवाल्याने मात्र आमच्या हवालदाराला टीप दिली. "दुकानातल्या कारागिरानं काल एक मोठी फ्रेम रिक्षात घातली. कागदात गुंडाळून. मी बघितलो की."

हा कारागीर पन्नाशीचा, विणकरांच्या घरातला. माग बंद पडल्यावर फ्रेमच्या कामाला लागलेला. बाईंनी चित्र आणून दिले तेव्हा तो कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत उभा होता म्हणे. मालकाला तेवढे पुरले. "ह्यानंच उचललंय! गुन्हा दाखल करा, मी उद्या दुसरा माणूस बघतो," असे तो सगळ्या बाजारादेखत ओरडला. कारागिराला चौकशीसाठी जीपमध्ये बसवले तेव्हा दोन्ही बाजूंच्या दुकानांतून माना बाहेर आल्या होत्या. गुन्हा दाखल झाला असता, तर त्या बाजारात त्याला पुन्हा कुणी साधा खिळाही ठोकू दिला नसता.

ठाण्यात त्याला चहा दिला. माझा अनुभव असा, की खोटे बोलणारा चहा घटाघटा पितो, कारण तेवढा वेळ बोलावे लागत नाही. याच्या चहावर साय धरली.

"रिक्षात फ्रेम घातलीस का?"

"व्हय साहेब, घातलो की."

"कुणाची?"

"गिऱ्हाइकाची. मंद्रूपच्या एक मावशी भाचीच्या रुखवतातली फ्रेम न्यायला आल्त्या. लग्नसराई हाय, समदी पार्सलं एकाच रद्दीत गुंडाळलेली. मावशी लई घाई लावल्त्या, अर्धं कन्नडमधून बोलत होत्या. मी उचलून दिलो. आज दुपारचं लग्न हाय म्हणल्त्या."

मी पुन्हा दुकानात गेलो आणि मालकाला एकच गोष्ट विचारली, "न्यायचं राहिलेलं काय आहे?" कोपऱ्यात एक पार्सल होते. सोडले, तर आत मण्यांचा सुरेख मोर. म्हणजे मोरवाल्यांकडे दीर्घिका गेली होती. मग ते भांडायला का आले नाहीत? देवळाबाहेरच्या चपलांच्या भानगडी मी जन्मभर पाहिल्या. वाईट जोड पदरी पडलेला माणूस बोंब मारतो, चांगला जोड मिळालेला मुकाट घरी जातो.

मावशींनी रिक्षावाल्याला सांगितलेले कार्यालय कारागिराच्या लक्षात होते. साध्या कपड्यांत, एक महिला शिपाई आणि ओळख पटवायला बाई, असे आम्ही तिथे पोचलो. कडक भाकऱ्यांची चळत, शेंगाचटणीच्या बरण्या आणि मधोमध बाईंची दीर्घिका! खाली पाटी, 'वधूच्या हातची कलाकुसर'. वैरागहून आलेली नवरदेवाची आई पाहुण्यांना दाखवत होती, "बघा की, किती बारीक टिकल्या लावल्यात! डोळं फुटलं असतील पोरीचं."

नवरीचा चेहरा उतरलेला. मोर तिने पुण्याला होस्टेलवर केला होता, मावशीने तो कधी पाहिलाच नव्हता. सकाळी चूक कळली, तोवर सासूबाईंनी भावकीला कौतुक सांगून टाकले होते. मी तिला बाजूला घेतले, आम्ही कोण आणि चोरीचा आळ कारागिरावर कसा आला ते सांगितले आणि म्हणालो, "बाळ, घाबरू नको. लग्न लागू दे. चित्र आम्ही मागच्या दारानं नेतो."

"आणि दुकानातले काका?"

"ठाण्यात आहेत."

"मग चित्र कुठं सापडलं, ते मालकाला काय सांगणार?"

मी काही बोलायच्या आत ती शालू सावरत सासूपुढे जाऊन उभी राहिली. "आई, हे मी नाही केलं. माझा मोर दुकानात राहिलाय, आणि त्यापायी एक निरपराध माणूस ठाण्यात बसलाय."

मावशी "अय्यो देवा!" म्हणून मटकन खाली बसल्या. सासूबाई एकदा चित्राकडे, एकदा सुनेकडे बघत राहिल्या.

"आन् सकाळधरनं मी गावभर सांगत सुटले व्हय!" मग त्याच आधी हसल्या. "आता त्यो मोर आणा की हितं. त्या माणसालाबी आणा, जेवून जाईल."

जीप येईपर्यंत त्यांनी बाईंना विचारले, की हे आहे तरी काय. बाई म्हणाल्या, "दोन दीर्घिका एकमेकींत शिरल्यात. पण आतले तारे इतके लांब लांब असतात, की तारा ताऱ्यावर सहसा आदळत नाही."

"ऐकलंस का ग?" सासूबाई सुनेला म्हणाल्या, "एका घरात ऱ्हायचं, पर कुणी कुणाला धडकायचं न्हाय."

सगळे कार्यालय हसले. मला तर त्या मुलीचा पोटच्या पोरीसारखा अभिमान वाटला.

काय गेले, हे पोलीस नेहमीच विचारतात. काय उरले, हेही विचारावे, हे मला त्या मोराने शिकवले. दुसरी गोष्ट कारागिराने शिकवली. मोर टेबलावर मांडून, पोटभर जेवून तो निघाला, तेव्हा मी म्हणालो, "चला, दुकानापर्यंत सोडतो." त्याला पुढे, ड्रायव्हरशेजारी बसवले. बाजाराच्या तोंडाशी आल्यावर तो मागे वळला आणि संकोचत म्हणाला, "साहेब, जरा हॉर्न वाजवायला सांगा की. नेताना समदे बघितले."

दुकान येईपर्यंत ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढला नाही.