मोहाच्या लाडवाचा अणू

बाई फळ्यावर अणू काढत आणि खडू खाली ठेवण्याआधीच विचारत, "झाला? आता सांगा, हा काऊन चालत नाई?"

एका जागी बसणं ठाऊकच नसलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुरखेड्याजवळच्या आमच्या आश्रमशाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी शेजारच्या वर्गात मराठी. त्यांच्या दणदणाटात माझ्या कविता वाहून जायच्या. मी चिडायचो. "बाई, जरा टेका की!" तर म्हणायच्या, "भाऊ, इलेक्ट्रॉन बसते काय कधी?"

त्यांची नेमणूक वर्षापुरती होती. "मले इथंच राहाचं आहे, भाऊ," असं एकदा म्हणाल्या. मुख्याध्यापक म्हणाले, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात नंबर आणा, मग वर शब्द टाकतो.

बाईंनी मुलींकडून मोहफुलांचे लाडू वळवून घेतले, त्यांत चारोळ्या खोचल्या. लाडू म्हणजे धनभार, चारोळ्या म्हणजे इलेक्ट्रॉन. एके काळी शास्त्रज्ञांना अणू असाच वाटायचा. मग त्यांनी सोन्याच्या पातळ पत्र्यावर बारीक कण मारून पाहिले, तर काही चक्क उलटे फिरले! मऊ लाडवावरून ते कशाला परत येतील? म्हणजे आत काहीतरी इवलंसं, टणक असणार. "इथी आलं की लाडू फोडाचा," बाईंनी बजावलं होतं. मग एकीनं तो टणक गाभा म्हणून मधे उभं राहायचं, बाकीच्यांनी इलेक्ट्रॉन होऊन तिच्याभोवती पळायचं, आणि हाही अणू कुठे फसतो ते सांगायचं.

परीक्षक जेवूनखाऊन आरामात आले. तोवर येणाऱ्याजाणाऱ्याला समजावता समजावता मुलींनी सगळे लाडू फोडले होते, आणि फोडलेला लाडू कोण ठेवतं?

"मॉडेल कुठे आहे?"

"खाल्लं, सर," नववीतली एक पोरगी ठसक्यात म्हणाली. "ते चुकीचं निंघालं."

अख्खा मंडप हसला. नंबर गेला.

मुख्याध्यापक तसे वाईट नव्हते. "पोरींनी आगाऊपणा केला, एवढं वरच्या साहेबांना सांगा. बाकी मी सांभाळतो."

येरझारा घालणाऱ्या बाई थांबल्या. "आगाऊपणा कसा, सर? मीच तसं शिकवलं. त्याईनं बरोबर केलं."

अहो, म्हणून टाका ना एकदाचं! मी खुणा करकरून थकलो. त्यांनी ऐकलं नाही.

जूनमध्ये त्यांच्या नेमणुकीची नवी ऑर्डर आली नाही. माझा फार जीव तुटला.

आता शेजारी शांतता असते. कविता नीट शिकवता येतात, पण माझंच मन लागत नाही, सारखा उठून खिडकीशी जातो. नव्या सरांनी नागपूरहून प्लास्टिकचा अणू आणलाय, रंगीत, काचेच्या पेटीत. दिसतो छान. मुली ओळीनं येतात, हात मागे बांधून बघतात आणि ओळीनंच परत जातात. कोणी काही विचारत नाही.