कुलपातली केबल

धारवाडच्या हॉस्टेलात माझ्या खोलीत जो राहायचा, त्याच्याइतका सावध माणूस साऱ्या जगात नसेल. कलघटगीचा हा गडी अंघोळीला निघाला तरी कॉम्प्युटरची नेटवर्कची केबल उपसून ट्रंकेत टाकायचा, कुलूप लावायचा आणि किल्ली करदोट्याला बांधायचा. सगळ्या हॉस्टेलात मिळून एकच नेटवर्क, तेही नुकतंच आलेलं. एकमेकांचे सिनेमे-गाणी मिळावीत म्हणून आम्ही बाकीच्यांनी आपापली अख्खी डिस्क सगळ्यांसाठी उघडी टाकलेली. "मग खोलीच्या दाराला तरी कडी कशाला लावता?" असं तो शांतपणे विचारायचा. तो पासवर्ड टाइप करताना खोलीतल्यांनी भिंतीकडं तोंड करायचं, हा नियम. एकदा त्याचे अप्पा गावाहून आले, तर त्यांनाही म्हणाला, "अप्पा, जरा तिकडं बघा." बिचारे अप्पा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे राहिले. कुणी फ्लॉपी पुढं केली की "बेडप्पा," असं कानडीत नको म्हणत हात मागं घ्यायचा. त्याची टिंगल करण्यात सगळ्यांत पुढं मी. मेसमध्ये त्याची नक्कल करून दाखवायचो आणि तो भाकरी मोडत ऐकत बसायचा.

शेवटच्या वर्षी, प्रोजेक्ट द्यायला दोन दिवस उरले असताना, खालच्या मजल्यावरच्या एकानं मेलमधून आलेला कसलासा फोटो उघडला. त्यातला व्हायरस दुपारच्या जेवणापर्यंत उघड्या डिस्कांतून खोल्याखोल्यांत पोचला. माझं सहा महिन्यांचं काम, रिपोर्टसकट, साफ गेलं. दुसरी प्रत नव्हती. प्रोजेक्ट नाही म्हणजे वर्ष वाया, आणि इकडं बाबा रिटायर व्हायला आलेले. कॉटवर बसून राहिलो. रडायला आलं होतं, खोटं कशाला सांगू.

तेव्हा त्या सावध गड्यानं कपड्यांच्या घडीतून एक सीडी काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. "शनिवारपर्यंतचं आहे बघ. पुढचं तेवढं परत लिही."

"माझं काम तुझ्याकडं कसं?"

"दर शनिवारी उतरवून घेत होतो. डिस्क उघडीच टाकलेलीस की."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर मेसमध्ये सांगून हसला असतास."

हसलोच असतो. प्रोजेक्ट वेळेत दिला, पास झालो, नोकरीही लागली. त्याचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले. आता तो कुठं असतो कुणास ठाऊक. पत्ता मागं ठेवून जाणाऱ्यांतला तो नव्हेच. पण कुठं भेटलाच, तर चारचौघांत सांगणार आहे मी, की ज्याला भर मेसमध्ये वेडा म्हणायचो, तो तेवढा एकटाच माझी काळजी करत होता.