नाचणीचे डबे शेवटी

ताईला आमच्या महाडमध्ये हेल्थ फूडचं दुकान टाकायचं होतं. पुण्यातली नोकरी सोडून! बाजारपेठेतला गाळा बघून झाला होता, मालकाला रविवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं आणि गाळ्याला हो म्हटलं की लगेच राजीनामा. त्याआधी लोकांना असलं दुकान हवंय का, हे आम्ही दोघी फिरून बघणार होतो. मी तर भयंकर उत्साहात. लोक काय खातात हे त्यांना विचारत हिंडायचं, याच्यापेक्षा भारी काम कुठलं?

गाळा चांगला होता. मालकाने पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर हात लावून दाखवलं, त्याच्या वर फळ्या मारा म्हणाला. ताईने मान डोलावली, महाडात पूर काय नवीन.

गंमत पुढे झाली. आम्ही ज्याला त्याला विचारायचो, नाचणीचे पदार्थ, हातसडीचा तांदूळ, कुळथाचं पीठ असं सगळं एका ठिकाणी मिळालं तर घ्याल का? आणि प्रत्येक जण आधी एकच विचारायचा, घरात कोण आजारी आहे का? मेडिकलवाल्याने विचारलं, आमच्या शाळेतल्या जुन्या बाईंनी विचारलं. एका काकांनी तर ताईकडे नीट बघून, लग्न ठरत नाही म्हणून पथ्य चालू आहे का, असंही विचारून घेतलं. हेल्थ म्हटलं की पथ्य, आणि पथ्य म्हटलं की कुणीतरी अंथरुणावर. नाचणी तुम्ही खाता का? छे, आम्ही भात खातो, चपाती खातो. सगळ्यांचं हेच.

शनिवारी पोलादपूरला गेलो तेव्हा ताईने लोकांना विचारणं सोडूनच दिलं होतं. मला मात्र राहून राहून वाटत होतं, नाचणी कुणीच खात नाही तर मग ती पिकते कशाला? वरच्या वाड्यांवर दरवर्षी लावतात की.

पाऊस वाढला म्हणून आम्ही एका पिठाच्या गिरणीत शिरलो. आत डब्यांची रांग आणि बाकड्यावर बायका. सवयीने मी तिथेही विचारलं. उत्तर तेच, नाचणी नाय, तांदूळ. एवढ्यात एक मावशी आल्या, डोक्यावरचा डबा उतरवला आणि कुणी न सांगता रांगेच्या पार टोकाला, भिंतीशी नेऊन ठेवला. मी म्हटलं, मावशी, पुढे जागा आहे. तर म्हणाल्या, ‘नाचणी हाय ती. आधी दळली तर हिचं तांदळाचं पीठ काळं व्हईल ना. मग ही शिव्या घालील मला.’

मी भिंतीकडे बघितलं. मग ताईकडे. ताई डब्यांकडेच बघत होती. भिंतीशी लागलेली ती रांग पुढच्या रांगेपेक्षा मोठी होती!

‘एवढी सगळी नाचणी?’ मी विचारलं.

बाकड्यावरच्या बायका हसायला लागल्या. आताच नाय म्हणालेली एक म्हणाली, ‘पाव्हण्यांना कोण सांगतं गो, आम्ही काळी भाकरी खातो म्हणून?’

ताईचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं आता इथूनच मालकाला फोन लावते. तिने मावशींना विचारलं, मग दुकानात मिळाली तर घ्याल?

‘विकत घेऊन नाचणी खायला मी काय आजारी हाय?’

परत हशा. ताईसुद्धा हसली, पण मला कळलं, गाळा गेला.

मग आम्ही नुसत्या बसून राहिलो. गिरणी घरघरत होती आणि मावशींचा नंबर यायला वेळ होता. त्यांनीच विषय काढला. नातीला आता वरचं खाणं सुरू करायचंय, नाचणीचं सत्त्व द्यायचं. पण ते करायचं म्हणजे नाचणी भिजवा, मोड आणा, वाळवा, दळा, वस्त्रगाळ करा. आणि या पावसात मोड वाळतात कुठे? बुरशी धरते. सून नोकरीला जाते, त्यांचे गुडघे दुखतात.

‘तुझ्या दुकानात सत्त्व ठेवणार हायस काय?’

‘घ्याल?’

‘आधी थोडं दे. नात खाते काय बघू.’

लोकांना पारखायला आम्ही निघालो होतो, आणि आमचीच परीक्षा एका दात न आलेल्या मुलीकडे लागली.

रविवारी ताईने मालकाला नाही कळवलं. तो म्हणाला, मग दुकान कुठे टाकणार? ताई म्हणाली, आधी वाळवायला जागा बघते. राजीनामा दिला नाही, रजा वाढवली. मग आमच्या पुढच्या खोलीत चादरीवर मोड आलेली नाचणी पसरली, वर पंखा फुल, आणि बाबा भिंतीला घासून ये-जा करत होते.

सत्त्व पोचवल्यावर दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला, ताईने स्पीकरवर टाकला. आधी पावसाचं झालं, कशेडी घाटात अडकलेल्या ट्रकांचं झालं. ताईला धीर निघेना.

‘मावशी, खाल्लं का तिने?’

‘खाल्लं गो. वाटी चाटली.’ आणि वर, ‘शेजारची पण इचारते हाय. तिच्याकडं कोण आजारी नाय हां.’