पर्लकोटाच्या काठावरचा हुकूम

पावसाळा सरत आला होता, तेव्हा आमच्या कंपनीला जंगल ट्रेनिंगसाठी भामरागडजवळ पाठवलं. साल पन्नासच्या दशकातलं. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. सगळा मुलूख चांद्यातच मोडे. मी नायक होतो. माझ्या सेक्शनमध्ये योहान होता. मूल या बाजारगावाजवळच्या माझ्याच गावचा, माझ्याच चर्चचा. भरतीला त्याला मीच घेऊन गेलो होतो.

कॅम्पचं रूटीन ठरलेलं. पहाटे पीटी, मग चहा, हत्यारांची सफाई, दिवसभर फायरिंग. योहानचा नेम सेक्शनमध्ये सगळ्यांत चांगला. पण गोल टार्गेट काढून माणसाच्या आकृतीचं लावलं, की त्याच्या गोळ्या मातीत जात. साताऱ्याकडचा शिपाई जाधव त्याला म्हणे, "काय पाद्रीबुवा, आज लाकडाच्या माणसाला बाप्तिस्मा देणार का?" योहानही हसे.

एका रविवारी नदीवर कपडे धुताना मी त्याला विचारलं, "मुद्दाम चुकवून राह्यला ना तू?"

"हो भाऊ. सहावी आज्ञा, खून करू नको, तुमीच शिकवली मले, संडे स्कूलात."

"प्रभूकडे शताधिपती आला होता. तोबी फौजीच. त्याले प्रभूनं नोकरी सोड म्हटलं का?"

"नाई म्हटलं. पण पेत्रानं तलवार काढली तवा म्यानात ठेवाले लावली." त्याने शर्ट पिळला. "मी पळून नाई जात, भाऊ. मले स्ट्रेचर उचलू द्या. गोळ्या चालतीन तिथीच जाईन. फक्त मारत नाई. उद्या पेशीत मेजरसाहेब विचारतीन, तवा तुमी सांगा. तुमचं ऐकतीन ते."

मी सांगतो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी, नेम मुद्दाम चुकवतो म्हणून, योहानला कंपनी कमांडरसमोर मार्च अप केलं. मेजरसाहेब शीख होते, स्वतः रोज पाठ करणारे. त्यांनी योहानचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "नायक, तुम भी ईसाई हो. यह इसका धरम बोल रहा है या डर? धरम है तो मैं इसे स्ट्रेचर पर भेजता हूँ."

आमच्या चर्चमध्ये या प्रश्नावर दोन्ही मतांची माणसं होती. रंगरुटांना आशीर्वाद देणारे पाळक होते आणि बंदूक धरणाऱ्यासाठी रडणाऱ्या बायाही होत्या. हे सांगितलं असतं, तरी पुरे होतं. पण माझं हवालदारीचं प्रमोशन लागलेलं होतं. शिवाय ख्रिस्ती शिपाई लढत नाहीत, असं कंपनीत पसरेल, अशी मला धास्ती होती.

"डर है, साहब," मी म्हणालो.

योहानने माझ्याकडे पाहिलं नाही. सावधानमध्ये पाहता येत नाही.

त्याची रायफल जमा झाली. नदी पार करण्याच्या सरावात त्याला माझ्या हाताखाली सेफ्टी पार्टीत टाकलं. आम्ही प्रवाहाच्या खालच्या अंगाला काठावर दोर घेऊन उभं राहायचं. दोर कमरेला बांधल्याशिवाय कोणी पाण्यात उतरायचं नाही, ही स्टँडिंग ऑर्डर होती.

सरावाच्या सकाळी पर्लकोटा नदी गढूळ आणि फुगलेली होती. वाहत आलेलं झाड असॉल्ट बोटीवर आदळलं. वायरलेसवर आवाज आला, "बोट पलट गई. सेफ्टी, एक आदमी बहके आ रहा है. ओवर." बाकीच्यांनी बोट धरली होती. वाहून येत होता तो जाधव.

आमचा दोर बांबूच्या बेटात अडकला होता. मी ओढत होतो. तो सुटत नव्हता.

"भाऊ, जाऊ का?" योहानने विचारलं.

"जा," मी म्हणालो.

त्याने जाधवची कॉलर पकडली आणि त्याला काठाच्या मुळांपर्यंत ढकलत आणलं. जाधवने मुळं धरली. योहानचा हात तिथपर्यंत पोहोचला नाही. दुसऱ्या दिवशी खाली मासे धरणाऱ्या माडिया लोकांना तो सापडला. रस्ते बंद होते. नदीकाठच्या उंचवट्यावरच त्याला पुरलं. खड्डा जाधवने खणला, दुसऱ्या कोणाला फावडं दिलं नाही. पाळक नव्हते, म्हणून प्रार्थना मी केली.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत विचारलं गेलं, "बिना रस्सी के किसने भेजा?"

"किसी ने नहीं, साहब. घबराके कूद गया."

ते सगळ्यांना पटलं, कारण तो डरतो हे मीच आधी सांगून ठेवलं होतं. जाधवला पटलं नाही. तो माझ्याशी पुन्हा बोलला नाही. मी हवालदार झालो.

आमच्या चर्चमध्ये वर्षातून एका रविवारी नोकरीत मेलेल्या शिपायांची नावं पुकारतात. गावातला सगळ्यांत जुना फौजी नाव घेतो आणि त्या घरचं माणूस उभं राहून "हजर" म्हणतं. कित्येक वर्षं नावं मीच पुकारतो. हुकुमाशिवाय मेलेल्याचं नाव घेत नाहीत, असं मी योहानच्या आईला सांगितलं होतं. ती गेली. त्याची धाकटी बहीण रिबेका आता म्हातारी झाली आहे. ती दर वर्षी पुढच्या बाकावर बसते.

या वर्षी नावं पुकारण्याआधी मी वर लिहिलेलं सगळं मंडळीसमोर उभं राहून सांगितलं. हुकूम माझा होता, हेही सांगितलं. मग योहानचं नाव पुकारलं.

मी पुन्हा पुकारलं. रिबेका बाकाला धरून उठली.

"तो हजरच होता, भाऊ," ती म्हणाली. "तुमीच पुकारत नव्हते."