सुरकुतलेलं विमान

आमच्या पेडण्याच्या घरात ते विमान आलं तेव्हा माझ्या नवऱ्याचा उजवा हात नीट चालत नव्हता. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. पाय सुधारला, बोलणं जवळजवळ पहिल्यासारखं झालं, पण उजव्या हाताची बोटं ऐकायला तयार नव्हती. शर्टाचं बटण लावायला गेली की भलतीकडेच जायची. फिजिओथेरपीच्या बाईंनी दाबायला एक मऊ चेंडू दिला होता. तो सोफ्याखाली गेला की मी वाकून काढून द्यायची, आणि तासाभराने तो पुन्हा सोफ्याखाली गेलेला असायचा.

हे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. रविवारचा छंद म्हणजे रिमोटवर उडणारी विमानं. मूळ घर सुर्ल्याला, तिथे धाकटा भाऊ राहतो, खनिजाचा ट्रक चालवतो. दोघे मिळून गावावरच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, फोमची विमानं उडवायचे, पाडायचे आणि गोंद लावून पुन्हा उडवायचे. मला त्यातलं काही कळत नसे. कपड्यांना गोंद लागू नये एवढीच माझी अपेक्षा. झटका आल्यानंतर यांनी रिमोट कपाटात ठेवला आणि त्याचं नावही काढलं नाही. विमान वळवण्याचं, वरखाली करण्याचं सगळं काम उजव्या अंगठ्याचं असतं, हे मला दिरानेच सांगितलं.

दिराच्या डोक्यात मग एक कल्पना आली. त्याने यांच्यासाठी एक विमान मागवलं, फोमचं नाही, लाकडी. कारखान्यातून सांगाडा तयार होऊन येतो, त्यावर रंगीत प्लास्टिकचं पातळ कव्हर चढवलेलं असतं. आपण फक्त पंख, शेपटी, मोटर आणि चाकं जोडायची. असल्या विमानांत हे स्वस्तातलं स्वस्त. महागडं आणलं तर दादा भीतीने हातच लावणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

एका रविवारी तो खोकं घेऊन आला.

"दादा, चार स्क्रू मारले की झाला बघ," तो म्हणाला.

जेवणाच्या टेबलावर दिराने आणि मीच ते उघडलं. खरं सांगायचं तर मला आवडलं. बाल्सा नावाच्या लाकडाचा पंख इतका हलका, की हातात घेतला तरी काही घेतल्यासारखं वाटत नव्हतं. पिवळं कव्हर ढोलकीच्या पानासारखं ताणलेलं, त्यावर लाल पट्टे. भोकाला भोक जुळत होतं. स्क्रू मात्र इतके मऊ होते, की दिराने जरा जोर लावताच एकाचं डोकं गुळगुळीत झालं. यांनी लांबूनच पाहिलं, "बरं आहे," म्हणाले आणि टीव्ही लावला. दीर संध्याकाळी सुर्ल्याला परतला तेव्हा विमान अर्धवटच होतं. जाताना दारात चपला घालत तो मला हळूच म्हणाला, "वैनी, माका वाटलेला तो उठात."

दोन्ही पंख खिडकीजवळच्या टेबलावर राहिले. दिवस मे महिन्याचे. दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून परतले तर हे टेबलापाशी उभे. पंखावर सुरकुत्या पडल्या होत्या, दुधावरच्या सायीसारख्या.

"उन्हात ठेवलंस?"

"टेबल तिथेच आहे. कुठे ठेवणार होते?"

"लाकूड दमट असताना कव्हर चढवलंय यांनी," पंखावरून डावा हात फिरवत हे म्हणाले. "इथे उन्हात लाकूड सुकलं, आकसलं, आणि कव्हर सैल पडलं. एवढ्या पातळ कव्हराचं आपल्या हवेत काय होणार गो?"

औषधं आणि जेवण सोडून इतर कशावर तरी ते इतकं बोलले, याला किती दिवस झाले होते ते मला आठवेना. मी पदर खोचून मुद्दाम स्वयंपाकघरात निघून गेले.

त्यांनी साडीची इस्त्री घेतली. पहिल्याच झटक्यात कव्हर चुर्र करून फाटलं आणि करंगळी जाईल एवढं भोक पडलं. जळक्या प्लास्टिकचा वास घरभर. आता हे पंख फेकून देणार, असं समजून मी भिंतीला टेकून उभी राहिले. त्या वर्षात त्यांनी कप, चष्मा, टीव्हीचा रिमोट असं बरंच काही फेकलं होतं. पण ते भोकाकडे बघत राहिले. "जास्त तापली," एवढंच म्हणाले.

मग मी माळ्यावरून प्रवासात न्यायची छोटी इस्त्री काढली. तिच्यावर जुना सुती मोजा चढवून त्यांनी काम सुरू केलं. आधी कमी आचेवर कडा चिकटवायच्या, कडा पक्क्या बसल्या की आच वाढवून मधला भाग ताणून घ्यायचा. उलट केलं तर मधलं आकसतं आणि कडा सुटतात. इस्त्री डाव्या हातात. पण पंख इतका हलका, की इस्त्रीबरोबर तोच पुढे सरकायचा. म्हणून उजव्या हाताला पंख धरावाच लागे, आणि बेतानेच धरावा लागे. जोर झाला की बाल्सात बोट रुतायचं. चेंडू दाबण्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. इथे बिघडत होतं. पंखाच्या खालच्या बाजूला अजूनही यांच्या अंगठ्याचे दोन खळगे आहेत.

पावसाळा लागला आणि त्या कव्हराने आपले सगळे गुण दाखवले. लाल पट्टे म्हणजे पिवळ्यावर नुसते डकवलेले तुकडे होते. दोन्हींना आकसायला वेगवेगळी आच लागे, त्यामुळे लाल बसवलं की पिवळं उठायचं. पट्टा सरकला की खाली डिंकाची पांढरी रेघ उघडी पडायची. पंखाची पुढची कड, जिथे वारा पहिला आदळतो, तिथलं कव्हर तर रोज सकाळी सुटलेलं. हे चहाआधी तिथून नख फिरवून बघायचे. "आज परत," असं म्हणून इस्त्री लावायचे. मी एकदा सुचवलं, की परत पाठवू, दुसरं मागवू. "दुसरंही असंच असणार," म्हणाले. पण रागाने नाही. जुलैत कधीतरी त्यांनी माझ्यादेखत शर्टाची वरची तीन बटणं लावली.

पाऊस ओसरल्यावर दिराचा फोन आला. यांनी तो स्पीकरवर टाकला. येत्या रविवारी सुर्ल्याच्या सड्यावर यायचं. आमच्या तालुक्यात खरा विमानतळ झाल्यापासून इथे असलं काही उडवायचा प्रश्नच नव्हता. दिराने वाड्यावर सगळ्यांना सांगूनही ठेवलं होतं, दादा परत विमान उडवणार म्हणून.

"रविवारी जमणार नाही," हे म्हणाले. "मी पंखांचं सगळं कव्हर काढतोय."

"कित्याक? एवढी खटपट कित्याक करतस? कडेक पारदर्शक टेप मार नि सोड. पडला तर पडला, स्वस्तातला तर आसा."

"टेपने काही होत नाही. कड हवेत उठली तर पंख खेचला जातो."

"वैनी, तू तरी सांग त्याका."

मी सांगितलं. आज त्याचं हसू येतं, पण मी दिराचीच बाजू घेतली होती. मला वाटलं, हे टाळतायत. हात थरथरेल, माणसांसमोर विमान पडेल, या भीतीने कव्हराचं निमित्त काढतायत. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी ब्लेड घेतलं आणि पंखाचं कव्हर मुळापासून सोलायला सुरुवात केली. कव्हराबरोबर लाकडाचे बारीक तंतू निघत होते. मी समोर बसून भाजी निवडत होते, रुसून.

थोड्या वेळाने ते थांबले.

"इकडे ये. इथे बोट ठेव."

पंख जिथे विमानाच्या धडाला मिळतो, तिथे आत एक लाकडी ठोकळा होता. त्याच्या भोकातून अॅल्युमिनियमची नळी जाते आणि दोन्ही पंख त्या एका नळीवर बसतात. हवेत असताना सगळ्या विमानाचा भार तिथेच येतो.

"माझ्या बोटांना अजून बारीक कळत नाही," ते म्हणाले. "तू दाब."

मी दाबलं. ठोकळा हलला.

"हलला?"

"हलला."

"परत दाब."

परत हलला. मी वाकून पाहिलं. एका कोपऱ्यात गोंदाचा एक थेंब वाळून चकाकत होता. बाकी तीन बाजू कोऱ्या. लाकूड लाकडाला नुसतं टेकलेलं. दुसऱ्या पंखाचं कव्हर काढलं तर तिथलं काम मात्र चोख, गोंद भरपूर. त्या पंखात खोट काढायला जागा नव्हती.

"पहिल्या वळणाला पंख दुमडला असता," हे शांतपणे म्हणाले. "मग रिमोट कुणाच्याही हातात असला तरी काही करता आलं नसतं."

मी सड्यावरचे रविवार पाहिले होते. माणसं कातळावर ओळीने बसतात, पोरं पुढे पुढे सरकतात, विमान त्यांच्या डोक्यावरून वळून येतं. पुढे गरगरणारा पंखा, पोटात जड बॅटरी. मी त्या सैल ठोकळ्यावर पुन्हा बोट ठेवलं. खुर्ची ओढून तिथेच बसले, आणि बसल्यावर इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. ते अजून घडलं नव्हतं. आता घडणारही नव्हतं. माझं बोट त्या ठोकळ्यावरच होतं आणि ते उचलावंसं वाटत नव्हतं.

दिराला फोन मीच केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वैनी, माझी दोनूय पोरां थंयच फुडे बसतली आसली." थोड्या वेळाने यांना फोन द्यायला सांगितलं. काय बोलला ते मला माहीत नाही. हे नुसते "हां, हां रे, जाऊ दे," म्हणत होते.

त्यानंतर यांनी ते विमान पूर्ण उघडलं. मोटर जिच्यावर बसते ती फळी ठोकून पाहिली, शेपटीचे सांधे पाहिले, प्रत्येक जागी नव्याने गोंद भरला. गोंदाच्या बाटलीतून एकच थेंब काढायला अंगठा आणि तर्जनी जपून दाबावी लागते. पहिल्या दिवशी टेबलावर गोंदाची तळी झाली, ती अजून निघाली नाहीत. पंखांना नवं, चांगल्या प्रतीचं कव्हर मागवलं. ते जुन्याशी जुळणारं मिळालं नाही. धड लिंबासारखं पिवळं आणि पंख हळदीसारखे. शेपटीवर मात्र जुनंच कव्हर ठेवलं, कारण तिथे ते घट्ट होतं. निदान आम्हाला तसं वाटलं.

दिवाळी उलटल्यावर आम्ही सुर्ल्याला गेलो. सड्यावरचं गवत पिवळं पडत होतं, वारा कमी होता. या वेळी दिराने कुणालाही बोलावलं नव्हतं. तो, माझी जाऊ आणि आम्ही दोघं. पहिल्यांदा विमान दिराने उडवलं. दोन फेऱ्या मारल्या, जरा जोरात वळवलं. पंख सरळ राहिले. मी श्वास सोडला आणि तेवढ्यात त्याने रिमोट यांच्या हातात दिला.

"आता तुजां," म्हणाला आणि दोन पावलं मागे सरला.

विमान एकदा डगमगलं. मग वर चढलं. मोठं वर्तुळ घेऊन आमच्यासमोरून गेलं. मी विमानाकडे कमी आणि यांच्या अंगठ्याकडे जास्त पाहत होते. तो कापत होता, पण जिथे जायला हवं तिथे जात होता. तिसऱ्या फेरीला फडफड असा आवाज आला. शेपटीवरचं जुनं कव्हर एका कडेने सुटलं होतं आणि मागे पिशवीसारखं फुगत होतं. विमान एका बाजूला ओढलं जाऊ लागलं.

"दादा, माज्याकडे दी," दीर पुढे आला.

"थांब."

"दादा."

"कळतंय मला. थांब."

त्यांनी मोटर कमी केली. विमान तिरकं खाली येत होतं. ते पुन्हा पुन्हा सरळ करत होते, जणू सरकणारा पंख टेबलावर धरून ठेवत होते. गवताला लागलं, एकदा उसळलं, पुढे घसरलं आणि नाकावर टेकून उभं राहिलं. एक चाक निखळून गडगडत गेलं. बाकी सगळं शाबूत. जाऊ माझा दंड धरून उभी होती, ते मला तेव्हा कळलं. दीर खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसत हसायला लागला. हे विमानापर्यंत चालत गेले, ते उचललं, आधी पंखाच्या मुळाशी दाबून पाहिलं. मग शेपटीचं लोंबतं कव्हर पूर्ण सोलून काढलं आणि घडी करून खिशात घातलं.

परत येताना डिचोलीला आम्ही चहा आणि भाजीपाव घेतला. गाडी मी चालवत होते. हे शेजारी बसून त्या चाकाच्या स्क्रूबद्दल बोलत होते. स्क्रू मऊ आहे, आटे धरत नाहीत, असल्या विमानात पहिल्याच दिवशी सगळे स्क्रू बदलून टाकायला हवेत, म्हापशाच्या बाजारात कुठल्या दुकानात चांगले मिळतील, की सरळ दुसरी चाकंच बसवावीत. पेडण्यापर्यंत त्यांचं तेच चाललं होतं. मध्ये एकदा विचारलं, "कंटाळलीस?" मी म्हटलं, "नाही. बोला."