न पाठवलेला अर्जंट बाइट

आधीच सांगते, भूतबीत माझ्या डोक्यात बसत नाही. आमचं बौद्ध घर. अंगारे-धुपारे आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिले नाहीत. त्यात मी प्रोग्रामर... मशीन कारणाशिवाय काही करत नाही, यावर मी आजही कुणाशीही भांडेन.

नव्वदीच्या शेवटची गोष्ट. राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वर आमचं छोटंसं सॉफ्टवेअर ऑफिस होतं. गगनबावड्याच्या एका दूध संस्थेचे आकडे मोडेमवरून, म्हणजे फोनच्याच लाइननं, इकडे आणायचं काम माझ्याकडे. ऑफिसला फोन एकच — फाइल येत असली की तो एंगेज!

आता थोडं कामाचं. डेटा रांगेनं येतो. मधेच थांबवायचं असेल तर रांग सोडून, आउट-ऑफ-बँड, एक अर्जंट बाइट पाठवतात. तो आला की माझा प्रोग्राम काम थांबवून लाइन सोडणार. हा घेणारा भाग मी लिहिला होता. संस्थेकडचा, पाठवणारा भाग अजून लिहायचाच होता.

त्या दुपारी पाऊस नुसता झोडपत होता. गगनबावड्याचा रस्ता पाण्याखाली, एसट्या बंद. आबा तिकडंच दादाकडं राहायचे. छातीचं दुखणं जुनं, पण सकाळी फोनवर चांगले बोलले होते. मोठी टेस्ट फाइल येत होती, तासभर तरी लागणार होता. आणि स्क्रीनवर ओळ उमटली — अर्जंट बाइट आला. लाइन सुटली.

"आता काय झालं मेलं!" म्हणत मी उठले, तोच फोन वाजला. दादा होता.

"कवाधरनं लावतोय गं, एंगेजच! हितल्या दवाखान्यात हाय आम्ही. आबांचं काय खरं न्हाय... बोल त्यांच्याशी."

"आबा, जय भीम. मी निघतेच, कशीही येते—"

"जय भीम, बाळा. न्हाय यायचं." त्यांना धाप लागली होती. "पाण्यात गाडी घालायची न्हाय. लई हट्टी हाईस... ऐक की एकदा."

"पण आबा—"

"आवाज ऐकला की तुझा. बास झालं. ठेव आता, दमलोय."

मी ठेवला.

फाइलला लागणारा तो तासही उलटला नव्हता, तोच दादाचा पुन्हा फोन आला. आबा गेले होते. पाणी उतरून मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

कामावर परतल्यावर संस्थेच्या ऑपरेटरला, सर्जेरावांना, फोनवर धरलंच. "त्या दिवशी काय दाबलं होतंत?"

"आईशप्पत म्याडम, काय न्हाय! चहा पीत बसलतो. आन् थांबवायचं बटण तुम्ही दिलंयच कुठं?"

खरंच की! दिलंच नव्हतं. लाइनची खरखर म्हणावी, तर खरखरीनं लाइन तुटते, अर्जंट बाइट कशाला येईल? मित्र म्हणाले, तुझ्याच प्रोग्राममध्ये बग असेल, काहीतरी चूक. मग दाखवा की कुठाय! मी ओळ न् ओळ तपासली, तीच फाइल कितीदा चालवली... पुन्हा तसं झालं नाही.

दादा म्हणतो, आबांनीच केलं. मी त्याच्याशी भांडते. अरे, आबांनी जन्मात कॉम्प्युटर पाहिला नव्हता! पण मग कुणी केलं? मला खरंच माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

कुणीतरी माझ्यासाठी लाइन मोकळी करून दिली होती. आणि सारा जन्म आबांचं न ऐकणारी मी... नेमकं त्या दुपारी ऐकलं. फोन ठेवून दिला.