क्लोव्हेली, रिव्हिजन तेवीस

राजारामकाकांचा ईमेल आला की मी आधी गॅस बंद करते. एकदा उघडून बसलं की दूध उतू गेलेलं कळत नाही, आणि हे सात वर्षांत तीनदा झालेलं आहे. मजकूर ठरलेला. 'क्लोव्हेली प्रवास, रिव्हिजन अमुक. शुक्रवारपर्यंत कॉमेंट्स पाठवाव्यात.' खाली चव्वेचाळीस पानं.

राजाराम वर्तक शुगर लँडमधले आमचे शेजारी. पस्तीस वर्षं त्यांनी ह्यूस्टनच्या एका कंपनीत पाइपलाइनची डिझाइन्स केली. त्या धंद्यात कुठलाही कागद एका फटक्यात पक्का होत नाही. रिव्हिजन काढायची, चार जणांकडे पाठवायची, त्यांच्या शंका नंबर घालून लिहायच्या, प्रत्येक शंकेपुढे उत्तर लिहायचं, आणि शेवटची शंका मिटेपर्यंत जमिनीत कुदळ मारायची नाही. तेलाच्या पाइपला हे शोभतं. पण काका रिटायर झाले, पद्धत झाली नाही. मंडळाच्या गणपतीत मोदकांच्या ऑर्डरची रिव्हिजन चार मी या डोळ्यांनी पाहिलेली आहे. तोवर मोदक खाऊन झाले होते.

क्लोव्हेलीचं खूळ मात्र मुळात त्यांचं नव्हे, शरयूकाकूंचं. लग्न होऊन त्या अमेरिकेत आल्या तेव्हा नोकरीची परवानगी नाही, गाडी येत नाही, आणि काका सकाळी सहाला जाऊन रात्री उगवायचे. कुणाच्या तरी गॅरेज सेलमधून त्यांनी हजार तुकड्यांचं एक चित्रकोडं आणलं. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडचं, डेव्हनमधलं क्लोव्हेली गाव. समुद्राकडे कड्यावरून उतरत गेलेली दगडगोट्यांची एकच उभी गल्ली, दोन्ही बाजूंना पांढरी घरं, खाली बंदर. पहिल्या वर्षात काकूंनी ते चार वेळा जुळवलं आणि चार वेळा मोडलं. बरोबर मध्यावरचा एक तुकडा नव्हताच. पाचव्या वेळी त्यांनी ते भोकासकट फ्रेम केलं. अजून त्यांच्या डायनिंग टेबलामागच्या भिंतीवर लटकलेलं आहे.

"त्या गल्लीतून एकदा आपल्या पायांनी खाली उतरायचं," काकू म्हणायच्या. "यांच्याबरोबर. आणि त्या भोकात काय आहे ते बघायचं. बस."

बस! एवढंच! त्यावर काकांनी चव्वेचाळीस पानं लिहिली. क्लोव्हेली एकटं बघून कसं चालेल, म्हणून पोर्ट आयझॅक घातलं, पोलपेरो घातलं, लाइम रेजिस घातलं. प्रत्येक बंदराच्या भरती-ओहोटीच्या वेळा घातल्या. मग अडचणी निघाल्या. जून ते नोव्हेंबर आपल्याकडे हरिकेनचा सीझन, घर सोडून कसं जायचं? हिवाळ्यात तिकडे सगळं बंद. मार्चमध्ये मंडळाचा गुढीपाडवा, हॉलच्या किल्ल्या काकांकडे. एप्रिलमध्ये टॅक्स. उरला मे. मेमध्ये दर वर्षी कुणाचं तरी पोर ग्रॅज्युएट होतंच. वर्षाच्या बाराही महिन्यांत त्यांनी एकेक खुंटी मारून ठेवली होती.

एका रविवारी तर कहर झाला. डेव्हनमधले रस्ते एकाच गाडीपुरते, दोन्ही बाजूंना उंच कुंपणं, समोरून कुणी आलं की रिव्हर्समध्ये मागे जावं लागतं, हे त्यांनी कुठेतरी वाचलं. मंदिराच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये त्यांनी गणपतीच्या ट्रॅफिकचे नारिंगी कोन दोन रांगांत मांडले, मला फोन करून बोलावून घेतलं आणि समोरून गाडी आणायला लावली.

"मी कोण आहे?" मी विचारलं.

"तू ट्रॅक्टर."

मी फार्मासिस्ट आहे. आठवडाभर उभी राहून पाय दुखतात. त्या रविवारी दीड तास ट्रॅक्टर होऊन मी काकांना मागे रेटत होते, आणि ते कोन चिरडत होते. सिक्युरिटी गार्ड विचारायला आला तेव्हा काकांनी त्यालाही रिव्हिजन सोळा दाखवली. तो बिचारा वाचायला लागला.

त्या पानांत मला सगळ्यात वैताग आणायचा तो 'एस. एस.' नावाचा रकाना. त्यात नुसते आकडे, अर्थ कुठेच नाही. रिव्हिजनगणिक आकडे लहान व्हायचे आणि ओळी वाढायच्या. मी कॉमेंट पाठवली, 'हा रकाना कशासाठी? काढून टाकावा.' उत्तर आलं, 'नोटेड. रकाना राहील.' मी कपाळावर हात मारला आणि दुधाकडे गेले.

या वर्षी काकूंच्या गुडघ्यांनी हात टेकले. डॉक्टरांनी जूनची तारीख दिली, दोन्ही गुडघे बदलायचे. ऑपरेशननंतर काय होईल ते होईल, पण गोट्यांच्या त्या उतारावर पुन्हा कुणी पाठवेल याची खात्री नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. म्हणजे मे महिना, नाहीतर नाहीच. मला वाटलं, आता तरी हा माणूस हलेल. आठवड्याने रिव्हिजन तेवीस आली. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'एक शंका प्रलंबित. मंजूर नाही.'

काकूंनी ती वाचली, घडी घातली, आणि दुसऱ्या राज्यात, बॉथेलला राहणाऱ्या मुलीला फोन लावला. सावनी तिथे एका बायोटेक कंपनीत आहे. दोघींनी तिकिटं काढली. काकूंनी नवऱ्याला जेवताना सांगितलं, "अहो, मंगळवारी मी निघतेय. तुमचं तिकीट काढू का?"

"शंका मिटलेली नाही," काका म्हणाले.

"बरं," म्हणून काकूंनी त्यांना आमटी वाढली. मंगळवारी त्या खरंच गेल्या. काकांना शेवटपर्यंत वाटत होतं, ही आपल्याशिवाय जायची नाही.

शनिवारी सकाळी आठला आमची बेल वाजली. दारात काका. दाढी वाढलेली, काखेत फाइल. "नीला, तुझ्याकडे वायफाय बरं आहे. तिकडे दुपारचे दोन वाजलेत. ती आता उतरणार." मी काही बोलायच्या आत ते माझ्या किचन टेबलशी बसलेही.

व्हिडिओ लागला. सावनीच्या हातात फोन, पुढे काकू, हातात काठी, आणि खाली उतरत गेलेली ती फ्रेममधली गल्ली. तेच गोटे, तीच पांढरी घरं. 

"हळू," काका फाइल उघडत म्हणाले. "अडतीस मीटरवर डावीकडे बाक आहे. हिरवं."

"आहे," काकूंचा आवाज. "पण निळं."

"मग रंगवलं असेल. बस दोन मिनिटं."

त्या बसल्या. उठल्या. "आता एकोणचाळीस मीटर. उजवीकडे, कुंपणाच्या आत." तेही निघालं. तिसरं निघालं. काकांचं बोट फाइलमध्ये ज्या रकान्यावरून सरकत होतं, तो मी ओळखला.

"काका, एस. एस. म्हणजे काय?"

"शरयू सीट," ते मान वर न करता म्हणाले. "लोकांच्या फोटोंवरून, व्हिडिओंवरून मोजून काढलेत. पहिल्या रिव्हिजनला ती चारशे मीटर चालायची. मग तीनशे. मग शंभर. आता चाळीस. प्रत्येक गावात तेवढ्या अंतरावर बाक हवं. सगळीकडे मिळालं. इथे चौथ्या आणि पाचव्या बाकामध्ये पंचावन्न मीटर आहेत. मध्ये काहीच नाही. ती शंका मिटत नव्हती."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. "मग सात वर्षं हे तोंडाने का नाही सांगितलंत? हरिकेन काय, टॅक्स काय!"

"तिला कळलं असतं ना, मी मोजतोय ते."

याला काय म्हणायचं? या माणसाच्या डोक्यात एक फाइल घालावी की याला चहा करून द्यावा, मला कळेना. मी चहा टाकला.

तेवढ्यात काकू थांबल्या. चौथं बाक मागे राहिलं होतं. दोन्ही हातांनी त्या काठीवर रेलल्या.

"अहो, पुढे बाक दिसत नाही."

काका खुर्चीतून उठले. "माहितीये. सावनी, तिला धर. दोन्ही हातांनी धर!"

"बाबा, शी इज फाइन. प्लीज चिल."

"चिल काय चिल! अजून वीस मीटर आहेत!"

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि शेजारच्या घराच्या दारातल्या पायरीवर सरळ बसकण मारली.  दार उघडलं, आतून एक पिकल्या केसांची बाई डोकावली. काही न विचारता ती आत गेली आणि एक उशी घेऊन आली. काकूंनी ती घेतली, पाठीमागे ठेवली, वर भिंतीकडे पाहिलं, खाली बंदराकडे पाहिलं. मग त्या हसायला लागल्या.

"अहो, हेच ते. आपलं भोक. वरच्या खिडकीवरून ओळखलं. इथे पायरी आहे. आणि एक फुलांची कुंडी. एवढंच."

काका हळूच बसले. फाइलमधल्या चौथ्या आणि पाचव्या ओळीमधल्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं. "पायरी मी धरलीच नव्हती," ते मला म्हणाले. "कुणाच्या दारात बसायचं, हे कसं गृहीत धरणार?"

"काकू गृहीत धरत नाहीत. बसतात," मी म्हणाले.

"ऐकू येतंय का?" पलीकडून काकू म्हणाल्या. "पायरी रुंद आहे. शेजारी अजून एकाला जागा आहे. मी बुधवारपर्यंत इथे आहे." आणि त्या उठून चालू लागल्या. खाली बंदराशी पोचल्या तेव्हा काका चहाच्या कपाकडे बघत बसले होते. चहावर साय आली होती.

फोन बंद झाला.  काका खिशातून पेन काढून म्हणाले, "पायरी घालून रिव्हिजन चोवीस करतो. सोमवारपर्यंत तुझ्या कॉमेंट्स—"

"काका!" मी इतकी ओरडले की वरून माझा नवरा विक्रम धावत खाली आला. मी लॅपटॉप ओढला. "पासपोर्ट कुठेय?"

"फाइलच्या शेवटच्या कप्प्यात. पण आज शनिवार, मंडळाच्या हॉलच्या किल्ल्या—"

"किल्ल्या माझ्याकडे द्या."

"लॉनचे स्प्रिंकलर—"

"विक्रम बघेल. खिडकी की आईल?"

त्यांनी यावर विचार करायला दोन दिवस मागितले. मी दिले नाहीत. खिडकी घेतली.

दुपारी मीच त्यांना एअरपोर्टला नेलं. हायवेवर ट्रॅफिक तुंबला होता, एसी पुरत नव्हता, आणि चाळीस मिनिटांचं अंतर कापायला लागलेला सव्वा तास काकांनी अखंड सूचना देत घालवला. इथून लेन बदल, तिथून बदलू नकोस, आता ब्रेक. ड्रॉप-ऑफला पोचलो तेव्हा माझं डोकं ठणकत होतं. ते बॅग घेऊन उतरले, दार लावलं, चालू लागले. मी हुश्श केलं आणि शेजारच्या सीटकडे पाहिलं. पासपोर्ट त्यांच्या हातात होता, पण फाइल सीटवरच. सात वर्षं, तेवीस रिव्हिजन, सगळी गावं, सगळ्या भरत्या-ओहोट्या.

मी काच खाली करून हाक मारली. "काका, फाइल राहिली!"

मागची गाडी हॉर्न वाजवत होती. काका दारापाशी थांबले, वळून त्यांनी फाइलकडे पाहिलं.

"राहू दे," ते म्हणाले. "बाकं मला पाठ आहेत."